प्रोफेसर बेसूर आणि चष्मेवाल्यांची काच

मी खलनायक झालो तो रद्दी विकायला गेलो म्हणून.

घरातून निघताना बायकोनं बजावलं होतं, "अहो, रद्दी देऊन यायचीय, बदलून आणायची नाहीये." मी मान डोलावली होती. पण रद्दीवाला तागडी सावरत असताना शेजारच्या गठ्ठ्यातून मला एक हात दिसला. पांढरा हातमोजा घातलेला आणि व्हायोलिनचा गज धरलेला. असा हात दिसल्यावर बाकीचा माणूस कसा असेल हे न बघता घरी जाणारे लोक असतात. ते आयुष्यात पुढे जातात. मी त्या गठ्ठ्याची दोरी सोडली.

आतून एक जुनं चित्रकथेचं पुस्तक निघालं. कागद पिवळा पडलेला, छपाई अशी की लाल रंग ओठांवर पडायच्या ऐवजी हनुवटीवर पडलेला. मुखपृष्ठावर काळा झगा घातलेला, टोकदार मिशांचा एक उंच माणूस बँकेसमोर उभा राहून व्हायोलिन वाजवत होता आणि बँकेच्या सगळ्या काचा फुटून रस्त्यावर येत होत्या. नाव, 'प्रोफेसर बेसूरचा सूड'.

सगळी कथा मी तिथेच उभ्या उभ्या वाचली. प्रोफेसर एका मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत असतो. एकदा त्याचा सूर केसभर हलतो. केसभरच. तेवढ्यावरून त्याला भर कार्यक्रमात उठवतात, लोक हसतात, आणि त्या दिवसापासून तो ठरवतो की या शहरात एकही काच शिल्लक ठेवायची नाही. त्यानं तो चुकलेला सूरच घासून घासून इतका धारदार केलेला असतो की त्यानं काच तडकते आणि तिजोरी उघडते. शेवटी टोपीवाला डिटेक्टिव्ह कानात कापूस घालून त्याला घड्याळाच्या मनोऱ्यावर गाठतो. पुस्तकातली सगळी माणसं ओरडून बोलतात. एकटा बेसूर शांतपणे बोलतो. हे मला फार भावलं. अपमान झालेल्या माणसानं असंच असावं.

आता मी कोण, तर विमा कंपनीतला माणूस. दावे विभागात काचफुटीचं टेबल माझ्याकडे आहे. लोकांच्या काचा फुटतात आणि त्या फुटल्या असल्या तरी आमच्या अटींप्रमाणे का फुटलेल्या नाहीत, हे मी लिहितो. दिवसभर असलं काम केल्यावर काचा सरळ फोडून टाकणाऱ्या माणसाविषयी आदर वाटला, तर त्यात माझा काय दोष?

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली की यंदाच्या संमेलनात प्रत्येक मजल्यानं काहीतरी सादर करावं. सेक्रेटरींना सूचना लावण्याची आवड आहे. जिन्यातला दिवा गेला तर ते दिव्याच्या आधी सूचना लावतात. मी त्यांच्याकडे पुस्तक घेऊन गेलो आणि म्हणालो, "यावर नाटक करू. मी बेसूर होतो."

त्यांनी पानं उलटली. "डिटेक्टिव्ह मी होईन," ते म्हणाले. "पदाला शोभायला हवं. आणि शेवट बदलावा लागेल. हा तर घड्याळाच्या मनोऱ्यावरून नदीत पडतो. त्यापेक्षा पकडल्यावर सुधारतो आणि पाणी जपून वापरण्याविषयी दोन शब्द बोलतो."

"व्हायोलिन वाजवणारा चोर पाण्याविषयी का बोलेल?"

"कारण यंदाचा विषय पाणी आहे," सेक्रेटरी म्हणाले, आणि चर्चा संपली.

व्हायोलिन माझ्या मेहुण्याकडे होतं. त्यानं ते हौसेनं घेतलं होतं आणि मग माळ्यावर टाकलं होतं. मी मागताच त्यानं इतक्या चपळाईनं काढून दिलं की मला शंका यायला हवी होती. त्याच्या शेजाऱ्यांनी तर व्हायोलिनची पेटी माझ्या हातून घेऊन खाली रिक्षापर्यंत पोचवली, आणि रिक्षा वळेपर्यंत फाटकात उभे राहिले. मला वाटलं, काय प्रेमळ माणसं आहेत.

नुसतं धरून उभं राहायचं आणि आतून ध्वनिफीत लावायची, असं बायकोचं मत होतं. पण ज्याला स्वतःच्या कामाची चाड आहे असा खलनायक फितीवर काचा फोडत नाही. मी सराव करायचं ठरवलं. सरावाला सोसायटीची परवानगी लागते हे सेक्रेटरींनी सांगितलं, आणि नियमावली काढल्यावर असं लक्षात आलं की तिच्यात वाद्यांचा उल्लेखच नाही. पाळीव प्राणी होते, गच्चीवर गाद्या वाळवणं होतं, आणि भिंतीला भोकं पाडणं होतं.

"ध्वनीच्या दृष्टीनं तुम्ही ड्रिलिंगमध्ये बसता," बराच विचार करून सेक्रेटरी म्हणाले. त्याप्रमाणे फलकावर सूचना लागली, 'दुसरा मजला: ड्रिलिंग (व्हायोलिन). दुपारी चार ते पाच. रहिवाशांनी सहकार्य करावे.' ती सूचना मी येता-जाता वाचत असे आणि प्रत्येक वेळी माझ्या आतला प्रोफेसर थोडा थोडा मोठा होत असे.

शनिवार-रविवारी चारच्या ठोक्याला मी सुरुवात करायचो आणि पाचनंतर शेजारी सल्ले द्यायला यायचे. व्हायोलिनविषयी इतक्या लोकांना इतकं माहीत असेल अशी मला कल्पना नव्हती. कुणी म्हणालं, भिंतीकडे तोंड करून वाजवा. कुणी म्हणालं, कपाटात उभं राहून वाजवा, आवाज घुमतो. तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, "आवाज ओळखीचा वाटतो. माझ्या खुर्चीत बसलेली माणसं मात्र एवढी शांत राहत नाहीत." तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कोमट पाण्याच्या गुळण्या करायला सांगितलं.

"काकू, मी गात नाहीये, वाजवतोय."

"तरी कर रे बाबा. तेवढा वेळ तरी हात मोकळे नसतील."

मी हे सगळं बेसूरसारखं, शांतपणे ऐकून घेतलं.

पुस्तकात तिसऱ्या पानावर तो सूर काढलेला आहे. म्हणजे स्वरलेखन वगैरे नाही, व्हायोलिनमधून निघालेली एक वेडीवाकडी पिवळी वीज आहे आणि तिच्याभोवती चांदण्या. तो सूर मला हवा होता. एका रविवारी मी बाल्कनीच्या दारात उभा राहिलो, डोळे मिटले, गज पार टोकापासून ओढायला घेतला आणि असा काही ध्वनी निघाला की माझे मलाच दात आंबल्यासारखे वाटले. आणि त्याच क्षणी खाली काच फुटली.

मला पहिल्यांदा जे वाटलं ते मी लपवणार नाही. मला आनंद झाला.

खाली वाकून पाहिलं. आमच्या बाल्कनीच्या बरोबर खाली चष्मेवाल्यांचं दुकान आहे. त्यांच्या दर्शनी काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता, मधला एक तुकडा फुटपाथवर पडला होता, आणि आतले चष्मे घातलेले प्लास्टिकचे चेहरे त्या भगदाडातून बाहेर बघत होते. चष्मेवाले दारात छातीवर हात ठेवून उभे होते. बघता बघता गर्दी जमली. मग सगळ्यांच्या माना एकदम वर वळल्या. बाल्कनीत मी होतो, हातात गज होता. शहाण्या माणसानं आत जायला हवं होतं. मी कमरेत वाकून अभिवादन केलं.

"आत या," बायको मागून म्हणाली, "आणि तो गज ठेवा खाली. हत्यार घेऊन उभं राहिल्यासारखे दिसताय."

दोन-तीन दिवसांनी ऑफिसात माझ्या टेबलावर नवीन फायली आल्या. वरचीच उघडली तर चष्मेवाल्यांचा दावा. 'नुकसानीचे कारण' या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'दुसऱ्या मजल्यावरील रहिवाशाचे वादन'.

मी ती फाईल दोनदा वाचली. एरवी मी अशा दाव्यावर डोळे झाकून 'कारण असंभवनीय' असा शेरा मारला असता. पण इथे पेन अडलं. असंभवनीय लिहायचं म्हणजे माझ्या सुरात तेवढा दम नाही असं मीच सही करून सांगायचं. संभवनीय लिहायचं तर भरपाईसाठी कंपनी माझ्याच मागे लागणार. शेवटी फाईल घेऊन मी साहेबांकडे गेलो.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "काच तुमच्या बाल्कनीखालची. वाजवणारे तुम्ही. दावा आला तुमच्याच टेबलावर. हे उद्या वर कळलं तर मी काय सांगू?"

"सर, अजून सिद्ध व्हायचंय."

"तुम्हाला ते सिद्ध व्हायला हवंय की नकोय?"

साहेब माणसं ओळखतात.

"हे बघा," ते म्हणाले, "मी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअर बाईंना पाठवतो. तुम्ही मुद्दाम फोडली असं निघालं तर चौकशी बसेल आणि तुमचं टेबल तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये जाईल. तिथे हवं तेवढं वाजवा, झुरळांशिवाय कुणी नाही."

घरी आलो तर फलकावर सूचना. दुसऱ्या मजल्याचं ड्रिलिंग पुढील आदेशापर्यंत बंद. बेसूरची भूमिका दंतवैद्यांकडे गेली होती आणि त्यांच्यासाठी पुठ्ठ्याचं व्हायोलिन करायला घेतलं होतं. पुठ्ठ्याचं. मी त्या रात्री जेवलो, पण मुकाट्यानं जेवलो.

सर्व्हेअर बाई शनिवारी आल्या. मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या, पायात मजबूत बूट, पिशवीत मोजपट्टी आणि आवाज मोजायचं यंत्र. त्यांनी फुटलेल्या काचेसमोर बराच वेळ उकिडवं बसून पाहिलं. मग तसल्याच काचेचा एक तुकडा मागवून तो दुकानाच्या दारात लाकडी चौकटीत उभा केला, आणि मला वर जाऊन तोच सूर त्याच जागी वाजवायला सांगितला.

"त्या वेळी अंगावर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"काळा झगा," मी म्हणालो. खरं तर बनियन होतं. पण बाईंनी प्रयोग व्यवस्थित करायचा म्हटल्यावर मीही झगा घालून, मिशा लावून बाल्कनीत आलो. खाली सगळी सोसायटी जमली होती. दंतवैद्य पुठ्ठ्याचं व्हायोलिन काखेत घेऊन निरीक्षणाला आले होते.

मी वाजवलं. समोरच्या तारेवरची कबुतरं उठली. काच ढिम्म. मी पुन्हा वाजवलं, जीव ओतून वाजवलं. ज्या माणसाचं टेबल तळघरात जाणार आहे त्यानं काच फुटू नये अशी प्रार्थना करायला हवी. मी मनात म्हणत होतो, फूट बाई, एकदा फूट, लोक बघतायत. कोपऱ्यावरची मोटार आपोआप कोकलायला लागली, काकूंनी खिडकी लावून घेतली, आणि ती काच तशीच उभी, स्वच्छ, माझं प्रतिबिंब दाखवत.

बाईंनी लिहून घेतलं आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. "वादन असह्य आहे, परंतु काचेस अपायकारक नाही."

"असह्य हा शब्द आवश्यक आहे का?" मी बाल्कनीतून विचारलं.

"ते निरीक्षण आहे," बाई म्हणाल्या.

मग त्या चष्मेवाल्यांकडे वळल्या. "तडा खांद्याच्या उंचीवर सुरू झालाय. तिथे चांदणीसारखी खूण आहे आणि मार आतून बसलाय. दुकानात एखादी लांबलचक वस्तू आहे?"

चष्मेवाल्यांनी रुमालानं मान पुसली. साठीचा, सरळ माणूस. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांनी ते सगळं कागदावरच आटपलं होतं. आता बोलायची वेळ आली आणि त्यांचा धीर सुटला.

"शिडी," ते म्हणाले. "वरच्या फळीवरची खोकी काढून झाली होती. शिडी खांद्यावर घेऊन मागं ठेवायला निघालो होतो. तेवढ्यात वरून यांचा तो सूर आला. आयुष्यात असं काही ऐकलं नव्हतं. दचकून गर्रकन वळलो, आणि शिडीचं टोक काचेत."

गर्दीत कुणीतरी हसलं. मी झगा सावरत खाली उतरलो. माझ्या सुरानं काच फुटली नव्हती. पण माझ्या सुरावाचून ती फुटलीही नसती. याला काय म्हणायचं, हे माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्याही परिपत्रकात आलं नव्हतं.

संध्याकाळी चष्मेवाले आमच्याकडे आले आणि सोफ्याच्या अगदी कडेवर बसले. बायकोनं चहा ठेवला. शेवटी मीच म्हणालो, "माझं नाव का लिहिलंत? शिडी लिहायची."

"शिडी लिहिली असती तर तुम्ही 'मालकाचा निष्काळजीपणा' म्हणून परत पाठवली असती," ते म्हणाले. "तुमच्या टेबलाचा लौकिक आहे तसा."

हे खरं होतं. मी चहात लक्ष घातलं.

"दुकानाचं तोंड आहे हो ते," चष्मेवाले म्हणाले. "तिथे आता पुठ्ठा लावलाय. लोकांना वाटतं दुकान बंद झालं. आठवडाभरात एक माणूस आत आलेला नाही. आला तो पत्ता विचारायला."

त्यांचा मुद्दा असा होता की बाईंनी एक वाट दाखवली होती. बाहेरून अचानक आलेल्या आवाजानं माणूस दचकला तर तो अपघात, आणि अपघात अटींमध्ये बसतो. मात्र तो आवाज कुणाही धडधाकट माणसाला दचकवेल असा होता, असं आवाज करणाऱ्यानं लिहून द्यायला हवं. मसुदा बाईंनी करून दिला होता. चष्मेवाल्यांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि नजर खाली वळवली.

मी वाचलं. 'सदर ध्वनी अत्यंत कर्कश व आकस्मिक असून' इथपर्यंत ठीक होतं. कर्कश हा खलनायकाचा दागिना आहे. पण पुढे होतं, 'सदर इसम गोड वाजविण्याचा प्रामाणिक प्रयत्न करीत असताना अनवधानाने उत्पन्न झाला.'

मी लगेच बाईंना फोन लावला. "अनवधानानं नाही. तो सूर मी मुद्दाम कर्कश काढला होता. कितीतरी दिवसांची मेहनत आहे त्यामागे."

"मुद्दाम लिहिलंत तर तुमच्यावर चौकशी बसेल," बाई म्हणाल्या. "आणि दावाही फेटाळला जाईल. बघा काय ते." त्यांनी फोन ठेवला.

म्हणजे प्रश्न असा होता. एका बाजूला माझं टेबल आणि या माणसाचं दुकान. दुसऱ्या बाजूला, मी गोड वाजवायला गेलो आणि हे निघालं, असं माझ्याच सहीनं, माझ्याच ऑफिसात, कायमचं नोंदलं जाणार. त्या घटकेला मला प्रोफेसर बेसूरचं दुःख पुरतं कळलं. त्याला निदान कुणी सही मागितली नव्हती.

"करा सही," बायको म्हणाली. "खरंच आहे ते."

"काय खरंच आहे?"

"दचकायला होतं."

चष्मेवाल्यांनी मान वर केली. बिचाऱ्यांचे डोळे पाणावले होते, आणि माझा स्वतःचा चष्मा त्यांच्याच दुकानातला. किती वेळा त्यांनी त्याची काडी हसतमुखानं सरळ करून दिली असेल. मी सही केली. जरा मोठीच केली, म्हणजे निदान सही तरी बिचकत केलीय असं कुणी म्हणू नये.

दावा मंजूर झाला. नवी काच बसली. माझं टेबल जागेवर राहिलं, पण त्या निवेदनाची नक्कल टेबलाटेबलांवरून फिरत कॅन्टीनपर्यंत गेली. डबा उघडताना कुणीतरी हमखास म्हणायचं, "गोड खायचा प्रामाणिक प्रयत्न करतोय." मी न ऐकल्यासारखं करून जेवायचो.

संमेलनाच्या बैठकीत मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. दंतवैद्यांची तालीम ठरत होती. तेवढ्यात चष्मेवाले उठले. ते सहसा बैठकीत बोलत नाहीत.

"बेसूर हेच करतील," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "खऱ्या व्हायोलिनवर. एवढ्या मोठ्या कंपनीनं ज्याच्या सुराला कर्कश म्हणून लेखी मान्यता दिली आहे असा माणूस घरात असताना पुठ्ठा कशाला?"

सेक्रेटरींना लेखी मान्यता या शब्दांचं भारी आकर्षण. त्यांनी तत्काळ ठराव लिहून घेतला. दंतवैद्यांनी मोठ्या मनानं पडदा ओढायचं काम पत्करलं. त्यांना सुटल्यासारखं वाटत असावं, कारण पाण्याविषयीच्या त्या दोन शब्दांची आता चांगली दोन पानं झाली होती.

संमेलनाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. मी झगा घालून, मिशा चिकटवून मंचावर आलो. मागे रंगवलेली बँक होती, बाजूला घड्याळाचा मनोरा. मी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि गज उचलला.

पहिल्या रांगेत चष्मेवाले बसले होते. त्यांनी शांतपणे आपला चष्मा काढला, घडी केली, डबीत ठेवला आणि डबी मिटली. टक्. शेजारच्या काकूंनी काढला. टक्. मग दुसरी रांग, तिसरी रांग. सगळ्या सभागृहात टक् टक् टक् होत गेलं आणि मग सामसूम झाली.

मी गज वर धरून तसाच उभा राहिलो. नोकरीत मला कुणी घाबरलं नाही, घरी तर प्रश्नच नाही. आणि इथे माझ्यासमोर एवढी माणसं डोळे किलकिले करून, चष्मे खिशात घालून, श्वास रोखून बसली होती. मी सांगतो, त्या क्षणी मी तो सूर असा काढला की पिवळी वीज आणि चांदण्या मला स्वतःला दिसल्या.

अर्थात बाकीच्यांना काहीच दिसत नव्हतं. माझी मिशी मध्येच सुटून मंचाखाली पडली, कुणाला कळलं नाही. डिटेक्टिव्ह झालेल्या सेक्रेटरींनीही खबरदारी म्हणून चष्मा काढून ठेवला होता. ते टोपी घालून, कानात कापूस कोंबून दमदार पावलं टाकत आत आले, "सापडलास, बेसूर," म्हणाले, आणि त्यांनी विंगेत उभ्या असलेल्या दंतवैद्यांची मानगूट धरली.

"अहो, मी पडदावाला," दंतवैद्य म्हणाले.

पण कापसामुळे सेक्रेटरींना ते ऐकू आलं नाही. त्यांनी दंतवैद्यांना ओढत मध्यभागी आणलं, दंतवैद्यांच्या हातात पडद्याची दोरी होती, आणि पडदा पडला. पाण्याविषयी कुणी अक्षर बोललं नाही. मी बँकेच्या मागून, जिन्यावरून, झगा फडफडवत बाहेर निघून गेलो. आत टाळ्यांचा कडकडाट चालू होता.

बाहेर ओसरीत बायको येऊन उभी होती. नाकावर चष्मा.

"तू काढला नाहीस?" मी विचारलं.

"मी कशाला काढू?"

मला बरं वाटलं. एवढ्या घाबरलेल्या सभागृहात एका माणसाचा माझ्यावर विश्वास होता. मी तसं बोलणारच होतो, तेवढ्यात तिनं पर्स उघडली.

"सगळेच आंधळे होऊन बसल्यावर," ती म्हणाली, "ही कुणाच्या पायाखाली जाऊ नये म्हणून कुणीतरी बघायला नको?" आणि तिनं मिशी काढून माझ्या हातावर ठेवली.